एकटी हळद

"वहिनी, आज मिहानला, आमच्या कंपनीत, येता का? गाडी पाठवतो. पोलिसांत जायच्या आधी एकदा तुम्ही बघा."

फोनवर मधुकरराव होते. शामलाबाईंच्या यजमानांचे वर्गमित्र. शामलाबाईंची सगळी नोकरी पोलिसांच्या अंगुलीमुद्रा विभागात गेली होती. निवृत्तीनंतरही कोणी ना कोणी बोलवायचं. पण उन्हाळ्यात यजमान गेले आणि त्यांनी सगळ्यांना नाही म्हणायला सुरुवात केली. फारसं रडूही आलं नव्हतं. चहात साखर आहे की नाही, तेवढंही कळेनासं झालं होतं. देवापुढे दिवा लागत होता, कारण हाताला सवय होती.

आज मात्र "येते" म्हणाल्या. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

मधुकररावांच्या कंपनीत सिकलसेल हा रक्ताचा आजार ओळखणारी चिप तयार होत होती. नखाएवढा रबराचा तुकडा, त्यात केसाहून बारीक नाल्या. नालीत रक्ताचा थेंब सोडायचा. त्यात डोळ्यांना न दिसणारे नॅनोकण मिसळलेले असतात. रक्तात आजार असेल तर ते नालीत चिकटतात आणि निळ्या दिव्याखाली लाल चमकतात. आजार नसेल तर वाहून जातात.

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नवी तुकडी तपासली," मधुकरराव सांगत होते. "आमचंच रक्त, सगळे धडधाकट. तरी यंत्रानं प्रत्येकाला रोगी ठरवलं. पुढच्या महिन्यात ह्या चिपा गावोगावी जायच्या होत्या."

"म्हणजे धडधाकट पोरीच्या कपाळी आजार लागला असता."

"तेच ना. आणि कारण काय निघालं? हळद. हळदही निळ्या दिव्याखाली चमकते. चिपा ज्या साच्यात ओततात, त्याच्या डबीवर हळदीचं बोट उमटलेलं होतं; आत सगळे हातमोजे घालतात, म्हणून ठसा नाही. साचे बनवणाऱ्या दामिनीनं खंडेनवमीला साच्याची पूजा केली. दुसरं कोण करणार? संध्याकाळी तिला काढतो. तक्रारही द्यावी म्हणतात लोक."

"डबीवर कुंकू होतं?"

मधुकरराव गोंधळले. "नाही. नुसती हळद. का?"

शामलाबाईंनी डबी आधी कोणी पाहिली ते विचारलं.

डबी पहिल्यांदा हर्षितनं पाहिली होती. तिशीतला, हुशार इंजिनिअर. चिपा ओतून झाल्या की त्यांना आतून लेप द्यायचं काम त्याचं.

"मॅडम, लॅब आहे का देवघर, हेच समजत नाही तिले," तो हसत म्हणाला. "गुरुवार, चतुर्थी, एकादशी. डब्यात नुसता साबुदाणा. आम्ही म्हणतो, दामिनीबाई, मशीनलेही उपास धरायला लावान एखाद्या दिवशी."

"डबी कधी दिसली तुला?"

"तुकडी फेल झाली ना, मग साचा ठेवतात त्या पिवळ्या खोलीकडे गेलो. काचेतूनच दिसलं. पांढऱ्या डबीवर पिवळं बोट."

"आत गेला नाहीस?"

"नाही बाप्पा. हात कशाले लावू? सरांना फोन केला."

"डबी बाहेर कोणी आणली?"

"सरांनी. फोनवर बोलत बोलत उचलली आणि केबिनमध्ये आणून पाहिली. मग परत जागेवर ठेवली."

बाहेरच्या दालनात प्रत्येक टेबलावर आपट्याची पानं सुकत पडली होती. दसऱ्याचं सोनं. प्रत्येक संगणकावर हळदकुंकवाचं बोट होतं. एकच टेबल कोरं होतं. तिथे दामिनी बसली होती. केसांना तेल नाही, नजर समोरच्या भिंतीवर.

"हळद तू लावलीस?"

"नाई मॅडम."

"मग कोणी लावली?"

"मले नाई माहीत."

"खंडेनवमीच्या पूजेला होतीस ना?"

"दाराबाहेर होती."

"काहून वं? तू तर सगळे वार पाळतेस म्हणे."

दामिनी भिंतीकडे पाहतच म्हणाली, "काम होतं." आवाजाला चढ नाही, उतार नाही. तो आवाज शामलाबाईंच्या ओळखीचा होता. अलीकडे स्वतःच्या स्वयंपाकघरात त्या तोच ऐकत होत्या.

पिवळ्या खोलीत जायचं म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा, पांढरे रबरी हातमोजे. साचा बनवताना जो थर द्यायचा तो साध्या उजेडानं खराब होतो, म्हणून आत फक्त पिवळे दिवे. ते कधी मालवत नाहीत. शामलाबाईंनी डबी हातात घेतली. उलटीपालटी केली. झाकणावर बोट फिरवलं. डबी कोरी दिसली. कोणी पुसली की काय?

त्या बाहेर आल्या. दालनात उन्हाचा पट्टा पडला होता. मोज्याचं टोक पिवळंधमक झालं होतं.

त्यांनी ते बोट उन्हात उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाल्या, "सगळ्यांना बोलवा. आणि निळा दिवा आणा."

केबिनमध्ये चौघं बसले. पडदे ओढले होते.

"मधुकरराव, हळद एकटी जात नाही," शामलाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "पूजेत हळदीमागून कुंकू येतंच. जी बाई रोज देव पुजते ती नुसती हळद लावून उठणार नाही. कुंकू निळ्या दिव्याखाली चमकत नाही. म्हणून ज्याला फक्त चमक हवी होती, त्यानं हळदच घेतली. पूजेचं तबक दालनातच होतं."

"पण वहिनी—"

"दामिनीच्या टेबलावर सोनं नाही, मशीनला हळदकुंकवाचं बोट नाही. दामिनी, घरात कोण गेलं?"

दामिनीनं मान वर केली नाही. "दीर. गोविंदा. घटस्थापनेच्या आधल्या रात्री. सिकलसेलच होतं त्याले. लय उशिरा समजलं."

"सुतकात होतीस. देवाला शिवणार नव्हतीस, मग साच्याला कशी पूजशील? सांगितलं का नाहीस?"

"सांगतलं असतं तं घरी धाडलं असतं. घरी जाऊन काय करू, मॅडम? इथं हात तरी चालून राहिले होते."

शामलाबाईंनी दामिनीपुढे पाण्याचा पेला सरकवला.

"हे झालं मनाचं. आता पुराव्याचं." शामलाबाई हर्षितकडे वळल्या. "तू म्हणालास, काचेतून पांढऱ्या डबीवर पिवळं बोट दिसलं. मी आत डबी हातात धरली तरी मला दिसलं नाही. पिवळ्या उजेडात पांढरंही पिवळंच दिसतं. बाहेर उन्हात आले तेव्हा मोज्यावर हळद दिसली. सरांनाही ती केबिनमध्ये आल्यावरच दिसली. आत ती कोणालाच दिसत नाही. तिथे आहे हे एकालाच माहीत असणार. ज्यानं लावली त्याला."

"चमक तर होती ना मॅडम चिपांमध्ये," हर्षित म्हणाला. त्याचं हसू मात्र मावळलं होतं. "हळदीशिवाय कुठून आली?"

"दामिनी, दिवा लाव."

निळ्या दिव्याखाली एका बाजूला मोज्यातलं बोट, दुसऱ्या बाजूला बिघडलेली चिप. शामलाबाईंनी दुसऱ्या हातानं निळा उजेड अडवणारी नारिंगी काच मधुकररावांच्या डोळ्यांपुढे धरली. मोज्याचं टोक हिरवट-पिवळं चमकत होतं. चिप लाल होती, नालीभर लाल.

"यंत्र फक्त आकडा दाखवतं," त्या म्हणाल्या. "रंग कोणी पाहिलाच नाही. हा हळदीचा रंग नाही. तुमचेच कण आहेत हे. चिकटू नयेत म्हणून आतून लेप देतात ना? तो नसला तर निरोगी रक्तातही चिकटतात."

मधुकररावांनी काच खाली ठेवली. "हर्षित, लेप दिला होतास?"

हर्षित टेबलाच्या कडेकडे पाहत होता. "वाळायले रात्र लागते, सर. दसऱ्याला तुकडी तयार म्हणून मी शब्द देऊन बसलो होतो. वाटलं, एवढ्यानं काय होते."

"आणि ही बाई?"

"तिचं नाव घेतलं की सगळ्यांना लगेच पटलं असतं," तो म्हणाला. "पटलंच ना, सर."

मधुकररावांना वर पाहवेना. ते दामिनीला म्हणाले, "बाई, चुकलो मी. आठ दिवस घरी जा. पगारी."

"नको सर. साचा धुतला तं चालीन का? लेपासहित नवीन तुकडी काढा लागन. गावाले महिन्याभरात पाहिजे."

ती उठली आणि झगा घालायला गेली.

शामलाबाईंनी मोजे काढले. काढताना हळद बोटाला लागली. दारातून दामिनीनं ते पाहिलं. शामलाबाईंच्या मोकळ्या कपाळाकडे तिची नजर गेली आणि खाली आली.

"मॅडम, बोटाले हळद लागली तुमच्या. पाणी देऊ?"

उन्हाळ्यापासून त्यांच्या हातानं हळदीचा करंडा उघडला नव्हता. त्यांनी बोट उन्हात धरलं.

"राहू दे," त्या म्हणाल्या.