पुसलेले एकशे सात किलोमीटर

इंजिन बंद होतं, किल्ली माझ्या मुठीत होती, तरी वेगाचा काटा साठवर होता.

केबल अडकली असेल, असं मी स्वतःला समजावलं. भर दुपार होती. कंपालातल्या मामांच्या आवारात जुन्या गाड्यांचे पत्रे उन्हानं कडकडत होते. मी फक्त राहिलेला डबा घ्यायला त्या गाडीत शिरले होते.

सकाळी मी तिथेच तीन तास बसले होते. मागची चाकं जॅकवर, गिअर मागचा, पाय ॲक्सिलरेटरवर. असल्या जुन्या गाडीत चाकं उलटी फिरली की किलोमीटरचे आकडे उतरतात आणि काटा शून्याखालच्या खुंटीला टेकून राहतो. मामांचा जुन्या गाड्या विकायचा धंदा त्यावरच चालतो.

"बस गं नान्तेझा," मामा हसत म्हणाले होते, "जागच्या जागी सहल, पेट्रोल मामाचं! चौऱ्याऐंशी हजारांवर आण. तिचे एकशे सात आपल्याला नकोत."

ती म्हणजे नाकायिझा सिस्टर, मासाकाच्या दवाखान्यातल्या. मागच्या महिन्यात त्यांनी ही गाडी घेतली आणि त्याच दिवशी घरी जाताना, मासाकाच्या वाटेवरच, लुकायाच्या दलदलीत गाडीसकट बुडून गेल्या. ब्रेक लागलेच नाहीत. तेव्हा आकडा होता ८४,१०७. मामांनी गाडी परत आणून ठोकठाक केली.

घेताना सिस्टरनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "गाडी खरंच किती चाललीये, ताई?"

दोन लाख दहा हजार. मला माहीत होतं. मी चपलेकडे बघत म्हटलं, "चौऱ्याऐंशी हजार."

आज दहाला मी आकडा बरोबर ८४,००० वर आणला, इंजिन बंद केलं. त्याच वेळी मामा दुसरी गाडी घेऊन मासाकाला निघाले, नव्या गिऱ्हाइकाला भेटायला.

आता आकडा होता ८४,०७१. चाकं हवेत, स्थिर. माझ्या डोळ्यांदेखत एकाचा दोन झाला आणि काटा हळूहळू शून्यावर आला.

फोन वाजला तशी मी किंचाळलेच. मामांचा निरोप होता: 'कायाब्वेला चहा घेतोय.'

कायाब्वे. इथून बहात्तर किलोमीटर.

मी लगेच फोन लावला. उचलला नाही. पाच मिनिटांनी निरोप आला, 'निघालो', आणि काटा उठला. चाळीस... साठ... ऐंशी.

गाडी चालवताना मामा फोन खणात टाकतात. तरी मी लावत राहिले. 'थांबा मामा, पुढे जाऊ नका,' असं लिहिलं, तेही त्यांनी पाहिलं नाही. ८४,०९०. ८४,०९८. समोरच्या झडपांतून वारा येऊ लागला, ओल्या चिखलाचा, कुजक्या लव्हाळ्याचा. ब्रेकचं पेडल माझ्या पायाखाली आपोआप खाली गेलं, पार तळाला. मग वर आलं. पुन्हा खाली. कुणीतरी जीव खाऊन दाबत होतं.

काटा शंभरावर. ८४,१०५.

"उचला ना मामा... उचला..."

८४,१०६.

शेवटच्या आकड्याचं चाक सावकाश वळलं. सात. काटा एकदम शून्यावर आदळला, जराही न थरथरता.

फोनमधली रिंग थांबली. उचलला होता.

"मामा? मामा, बोला ना..."

पलीकडे पाणी डुबुक डुबुक वाजत होतं. मग एक बाई अगदी शांतपणे म्हणाली,

"गाडी खरंच किती चाललीये, ताई?"