तिसरा हात

त्या दुपारी मी सासरच्या रोपवाटिकेतल्या कलमघरात गेले ती फक्त चार काड्या घेऊन. लग्नाला जेमतेम दोन महिने झाले होते, आणि घरात अजून मला चहा किती गोड करायचा एवढंच सांगितलं जात होतं.

काड्या आत्यांच्या फणसाच्या. आत्या म्हणजे सासऱ्यांची थोरली बहीण. मी यायच्या वर्षभर आधी गेल्या. त्यांनी निवडून वाढवलेलं ते एकच झाड मुळापासून कुजत होतं. ते गेलं की ती जातच संपली. नवऱ्याने प्रयोगशाळेत बाटल्यांमधून रोपं करून पाहिली. चाळीस बाटल्यांत बुरशी वाढली, तीही झकास. मग त्याने कलमं बांधली, आणि बाटल्यांच्या सवयीने प्रत्येक काप स्पिरिटने पुसला. साल आतून करपली. उरल्या या चार.

"अक्का असती तर..." सासरे एवढंच म्हणाले.

"मी बांधू?"

"सूनबाई, फणसाचा चीक लागला की सुटत नाही," सासूबाई म्हणाल्या.

"संसाराचं तरी काय वेगळं असतं, आई?"

सासरे हसले. काड्या माझ्या हातात आल्या.

कलमघरात हिरव्या जाळीखाली भर दुपारीही कातरवेळ असते. फवारे थांबले होते. पानांवरून थेंब पडत होते... टप... टप. मी पिशवीतल्या रोपाचा शेंडा उडवून उरलेला खुंट मधोमध चिरला, काडी पाचरीसारखी तासली, चीक गळू दिला, कोरड्या फडक्याने टिपला. पाचर बसली. पण पट्टी गुंडाळायला दोन हात लागतात आणि काडी धरायला तिसरा. काडी सरकू लागली.

तेवढ्यात मागून कोणीतरी सांधा दोन बोटांत धरला. हंगाम नसताना पिकल्या गऱ्यांचा वास आला.

"आई, जरा वर धरा," मी मान न वळवता म्हटलं.

बोटं वर सरकली. थंडगार... नखांत चिकाची काळी रेघ.

आणि दूर फाटकापाशी सासूबाई भाजीवाल्याशी हुज्जत घालताना ऐकू आल्या.

पळाले असते, तर सांधा उघडा पडला असता. अजून तीन काड्या बाकी होत्या. मी पट्टी गुंडाळत म्हणाले, "आत्या... चारही होईपर्यंत सोडू नका."

त्यांनी सोडलं नाही.

एकविसाव्या दिवशी चारही काड्यांना कोंब फुटले. जुनं झाड त्याच आठवड्यात आडवं झालं, पण कोणी हळहळलं नाही. सासऱ्यांनी स्वतःचा कलमाचा चाकू मला दिला. नवरा रोपवाटिकाभर सांगत सुटला, "माझ्या बायकोने केलं!" जणू मलाही त्यानेच बाटलीत वाढवलं होतं. मीही मान ताठ करून हिंडले, खोटं कशाला बोलू?

परवा पट्ट्या सोडल्या. सांधे असे जुळलेत की वण शोधावा लागतो. प्रत्येक सांध्यातून एकेक पांढरा केस बाहेर आला होता. ओढला, तर निघेना, लाकडातच रुजलेला. चारही कात्रीने कापले.

आज सकाळी ते वीतभर झाले होते.