बाण नसलेला चौकोन

हाज शरबीनींना साखरेचा आजार होता, आणि दुपारच्या चहाबरोबर मशब्बिकचं एक पाकातलं वेटोळं पोटात गेल्याशिवाय वायरलेस नीट ऐकू येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. डॉक्टरचं म्हणणं वेगळं होतं. पण डॉक्टर दमिएत्ता शहरात बसायचा आणि मशब्बिकवाला जिन्याखाली.

नदीच्या मुखाशी वसलेल्या इझबत अल-बुर्ग गावच्या मच्छीमार सोसायटीच्या वरच्या खोलीत दोनच टेबलं होती. एकावर वायरलेस आणि हाज, दुसऱ्यावर संगणक आणि नशवा. खिडकीखाली दिवसभर नव्या बोटींच्या फळ्या तासल्या जायच्या, त्यामुळे चहात थोडा भुसा ठरलेला. नशवा इथल्याच कोळ्याची मुलगी. मन्सूराला शिकून आली, तरी गल्लीत तिला अजून ‘साबेरची बहीण’च म्हणत. हाज मात्र मस्करीत ‘इंजिनिअरीणबाई’ म्हणायचे.

बाहेर गेलेल्या बोटींवर नजर ठेवायची आणि वादळाचा इशारा पोचवायचा, हे काम संगणकातला एक प्रोग्राम करायचा. उस्ताद वग्दींनी तो पायथॉनमध्ये वर्षानुवर्षं लिहिला होता, गोधडीसारखा, ठिगळावर ठिगळ. गेल्या थंडीत वग्दी वारले, आणि पुढच्याच वादळात प्रोग्राम जागच्या जागी गोठला. एका बोटीला इशारा मिळालाच नाही. ती कशीबशी परतली. आता ‘मकनसा’ यायच्या बेतात होती. मकनसा म्हणजे झाडू. या वादळाला हे नाव उगाच नाही पडलेलं. आणि साबेर ‘उम्म हाशिम’ बोटीवर, भर समुद्रात.

तेव्हा ती यायच्या आधी प्रोग्राम हलका करणं भाग होतं.

असा प्रोग्राम म्हणजे शेकडो छोटी फंक्शनं. एक दुसऱ्याला काम सांगतं, दुसरं तिसऱ्याला. नशवानं त्या सगळ्याचं चित्र काढलं: प्रत्येक फंक्शनला एक चौकोन, आणि काम सांगणाऱ्याकडून ऐकणाऱ्याकडे बाण. भलामोठा कागद तिनं भिंतीवर चिकटवला.

“जाळं विणलंस की काय?” हाजनी विचारलं.

“जाळंच आहे. फाटकं.”

“आणि तो कोपऱ्यातला? रुसून बसलेला?”

त्या चौकोनाकडे एकही बाण जात नव्हता. नाव होतं ‘नादी’, म्हणजे हाक मार. नशवानं आत पाहिलं. सूर्य मावळला की वायरलेस उघडायचा आणि बोटींची नावं एकेक करून घ्यायची, एवढंच त्याचं काम.

“हे तर तुम्हीच करता ना रोज?”

“करतो.”

“मग याला कोणी विचारत नाही. मेलेलं फंक्शन. कापते.”

हाजनी बोटांचा पाक चाटला. “वग्दी म्हणायचा, हे माझ्या घशाला आराम म्हणून लिहिलंय. त्याचा आवाज कायम बसलेला असायचा, आठवतं?”

“सिगरेटी, दुसरं काय.”

“त्यानं आयुष्यात सिगरेट ओढली नाही, पोरी.”

कापण्याआधी नशवानं शिस्तीप्रमाणे दुसरं चित्र काढलं. पहिलं चित्र लिहिलेलं वाचून काढलेलं. हे प्रोग्राम चालू असताना खरोखर कोण कोणाला काम सांगतंय, ते बघून. संध्याकाळी कागद यंत्रातून बाहेर आला. त्यात ‘नादी’कडे एक बाण जात होता. तो कोणत्याच चौकोनातून निघत नव्हता, थेट कागदाच्या कडेवरून आत शिरत होता.

नशवा हसली. वग्दी बिलंदर माणूस. फंक्शनचं नाव तुकड्यातुकड्यांनी जोडून कुठून तरी चालू करत असणार. तसं केलं की पहिल्या चित्राला ते दिसत नाही. तिनं सगळा प्रोग्राम ओळ न् ओळ चाळला. तसं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशीच्या चित्रात एकाचे दोन बाण झाले होते, आणि त्यांच्या शेपट्यांना चौकोन लागले होते. एकात ‘फत्ह अल-खैर’, एकात ‘गझाला’. ही नावं प्रोग्राममध्ये कुठेच नव्हती.

“हाज, गझाला म्हणजे काय?”

हाजचा चहाचा पेला ओठांपाशी थांबला.

“कुठे दिसलं तुला?”

तिनं कागद दाखवला. त्यांनी तो पाहिला आणि खाली ठेवला, उलटा.

“बोट होती. माझा भाऊ होता तिच्यावर. आली नाही. न आलेल्या बोटीचं नाव इथे कोणी घेत नाही. नव्या बोटीला देतही नाहीत. वग्दीला ठाऊक होतं ते.”

“कोणीतरी मस्करी करतंय.”

“करत असेल,” हाज म्हणाले. त्या दिवशी मशब्बिक तसंच राहिलं, त्यावर माश्या बसल्या.

मकनसा ठरल्या वेळेआधी आली. दुपारीच आभाळ शाईसारखं झालं, खालच्या सुतारांनी फळ्या दोरांनी बांधल्या आणि घर गाठलं. इशारा गेला. बोटी एकेक करून ओ देत नदीत शिरल्या. ‘उम्म हाशिम’नं ओ दिली नाही. हाज बटण दाबून नाव घेत होते, सोडत होते, ऐकत होते. नुसती खरखर.

नशवानं पुन्हा चित्र काढलं.

गझालामागे आता एक फिकट चौकोन उमटला होता, शाई संपत आल्यासारखा. ‘उम्म हाशिम’.

ती उभीच राहिली. बोटींची नावं प्रोग्राममध्ये माहिती म्हणून असतात. त्यांचे चौकोन होत नाहीत. होऊच शकत नाहीत.

पण सगळे बाण ‘नादी’कडेच जात होते. ‘नादी’ नसेल, तर जायला जागाच उरणार नाही.

“कापते मी.”

“नशवा.” हाजनी तिला पहिल्यांदाच नुसत्या नावानं हाक मारली. “कापलंस तर त्यांना हाक कोण मारणार?”

“कोणीही मारू नये. माझा भाऊ त्यांच्यातला नाही.”

तिनं कापलं.

चित्र स्वच्छ आलं. गझाला नाही, कोणी नाही. ती टेबलाशी बसली. खिडकीच्या काचेवर पाणी आपटत होतं. एवढंच तिला आठवतं.

जागी झाली तेव्हा उजाडलं होतं, आणि जिन्यावर ओल्या बुटांचा आवाज होता.

साबेर दारात उभा होता. भुवयांवर मीठ सुकलेलं. तिला मिठी मारून तो हसायला लागला.

“काय गं, किती ओरडायचं? तांडेल म्हणाला, ही तुझी बहीण आहे की भोंगा? यंत्र बंद पडलं, दिवे गेले, नुसता तुझा आवाज धरून आलो आम्ही.”

नशवानं हाजकडे पाहिलं. हाज वायरलेसची वायर गुंडाळत होते.

“आणि त्या दुसऱ्या बोटी कुठल्या गं?” साबेरनं विचारलं. “आमच्याआधी तू त्यांची नावं घ्यायचीस. ते ओ द्यायचे. अगदी जवळून.”

मी नाही, असं ती म्हणायला गेली. घशातून नुसती हवा आली. जिभेवर खारट चव होती.

साबेर झोपायला घरी गेला. नशवानं पुन्हा चित्र काढलं.

‘नादी’च्या जागी चौकोन होता. सगळे बाण त्याच्याकडे जात होते. आत तिचं नाव होतं.

तिनं ते प्रोग्राममध्ये शोधलं नाही.

खाली तासणी पुन्हा सुरू झाली, चहात भुसा पडला. ऊन नदीवरून सरकत पलीकडच्या काठावर गेलं, तेव्हा हाज उठले. आपली खुर्ची त्यांनी वायरलेससमोर तशीच ठेवली, पाठीमागची उशी झटकून सरळ केली आणि स्वतः बाजूच्या बाकावर जाऊन बसले.

“गझालाचं नाव आधी घे,” ते हळू म्हणाले. “माझा भाऊ फार वाट बघतो.”