लोटूच्या गिटारचा टवका

सुरतेतल्या पर्वत पाटियाच्या डाइंग मिलमध्ये योगेंद्रला सगळे कलर मास्टर म्हणत, आणि उगाच नाही. कापडाची चिंधी समोर टाका, गडी नुसत्या नजरेनं सांगणार, यात पिवळा किती आणि लाल किती. असा माणूस एका गिटारच्या टवक्यापुढे हात टेकून बसला, त्याची ही गोष्ट. सावकाश सांगतो, घाईनं सांगण्यासारखी नाही ती.

गिटार त्याच्या धाकट्या भावाची, लोटूची. लोटू त्याला नाना म्हणे. इलेक्ट्रिक, लालभडक. गरब्याच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचा पोरगा, उजव्या हातात जाड कडं घालून. ते कडं घासून घासून एका जागचा रंग उडाला होता आणि रुपयाएवढं लाकूड उघडं पडलं होतं. खंडेनवमी चार दिवसांवर आली तेव्हा त्यांच्या आईनं, कलाबाईनं, फर्मान काढलं.

"योगू, यंदा लोटूनी गिटार पूजाले मांडनी. तो टवका बुजाड पहिले. पोऱ्या दुबईहून वना तं काय म्हनीन?"

लोटू दुबईला नव्हताच हो. तो घरी न सांगता निघून गेला होता, आणि आठ महिन्यांपूर्वी हजिऱ्याच्या खाडीत एक प्रेत सापडलं होतं. ओळख योगेंद्रनं पटवली, अग्नीही त्यानंच दिला, एकट्यानं. आईचं हृदय अधू, धक्का सोसायचा नाही, म्हणून दुबईची थाप. दर महिन्याला लोटूच्या नावानं पत्र लिहायचं आणि आपणच वाचून दाखवायचं. आता पंचाईत अशी, की गेलेल्या माणसाचं हत्यार त्यांच्या घरात पूजेला मांडत नसत. पण नाही म्हणायचं तरी कोणत्या तोंडानं?

कतारगामच्या एका स्कूटर रंगवणाऱ्याकडून त्यानं डबीभर लाल आणला. गॅलरीतल्या उजेडात बसून थेंबभर पिवळा घाल, किंचित काळा घाल, पुठ्ठ्यावर ठिपका देऊन वाळव, ताडून बघ. सातव्या ठिपक्याला शेड बसली. काडीनं थरावर थर दिले, वाळल्यावर पॉलिश पेपरनं सपाट केलं. टवका कुठे होता ते त्याचं त्यालाच सापडेना. स्वारी खूश झाली.

दुसऱ्या दिवशी मिलमधून आला तर टवका जिथल्या तिथे. फरशीवर रंगाची एक कपची नाही.

"माय, तू हात लावलास का गिटारला?"

"मी कशाले हात लावू? तोच वाजाडस."

"तोच म्हणजे... कोण?"

"लोटू. दुपारले येस, वाजाडस, चालना जास." कलाबाई तांदूळ निवडत म्हणाली, जणू दूधवाला येऊन गेल्याचं सांगत होती.

म्हातारीला भास होतात, झालं. रंगात थिनर जास्त पडलं असणार. त्यानं पुन्हा रंग भरला, गिटार कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. तिसऱ्या दिवशी मिलला दांडी मारून तो घरीच बसला.

त्या दिवशी पावर ऑफ होता, गल्लीतल्या यंत्रमागांची आठवड्याची सुट्टी. एरवी खालच्या लूम्सच्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. आज सगळी गल्ली गप्प. आई आत निजलेली. दोन वाजले असतील. आणि कपाटातून आवाज आला... टंग. वायर न जोडलेली गिटार वाजते तसा, बारीक, कोरडा. थोड्या वेळानं पुन्हा. पाठोपाठ वास आला, खाडीच्या चिखलाचा. कुलूप काढायला योगेंद्रला तीनदा किल्ली फिरवावी लागली.

आत गिटार एकटीच. रंग पुन्हा गेलेला. त्यानं उघड्या लाकडाला बोट लावलं. लाकूड गरम होतं.

"उंदीर असेल," तो मोठ्यानं म्हणाला. कुलूपबंद कपाटात गिटार वाजवणारा उंदीर! स्वतःचंच बोलणं ऐकून त्याला रडू फुटायची वेळ आली.

वेड्यासारखा तो तिसऱ्यांदा रंग कालवायला गॅलरीत बसला, आणि कालवता कालवता हात थांबला. खाडीतल्या त्या प्रेताला चेहरा उरला नव्हता. ओळख पटवली ती शर्टावरून. ऑर्केस्ट्राच्या आठ शर्टांचं जांभळं कापड योगेंद्रनंच रंगवलेलं. तसली शेड सुरतेत दुसरीकडे नाही, याचा त्याला कोण अभिमान! शर्ट दिसला आणि तो म्हणाला, माझाच भाऊ. हातात कडं नव्हतं. पाण्यात गळालं असेल, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं. पण शवागाराच्या त्या खोलीत उजेड होता ट्यूबलाइटचा. आणि ट्यूबखाली शेड कधी जुळवायची नसते, दोन वेगळे जांभळेही तिथे एकच दिसतात, हे तो मिलमध्ये रोज कारागिरांना ओरडून सांगत असे.

मग तो लोटू नव्हताच? लोटू जिवंत असेल, तर कुलूपबंद कपाटात कोण येतं? आणि मेला असेल, तर... त्याला काही सुधरेना. सगळ्याचा गुंता झाला होता. रंग डबीतच वाळून गेला.

खंडेनवमीच्या सकाळी कलाबाईनं पाटावर सुरी, कात्री, योगेंद्रचा रंग मोजायचा काटा मांडला. मधोमध गिटार, टवक्यासकट. ती कुंकू लावायला वाकली तसा त्यानं तिचा हात धरला.

"माय, राहू दे. ती नको मांडूस."

"का बरं?"

कलाबाईनं हळूच हात सोडवून घेतला आणि गिटारला कुंकू लावलं.

"तो काल बोलना मन्हासंगे," ती म्हणाली. "पहिल्यांदाच बोलना. म्हने, माय, नानाले इचार, हजिराले त्यानी कोणले जाळं?"

हजिऱ्याचं नाव या घरात योगेंद्रनं कधीच काढलं नव्हतं. त्यानं आईकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते.

"कोण व्हता रे तो, योगू?... त्या पोऱ्यानी मायले कोणी सांगं का?"