पलीकडचं टोक

विहिरीवरच्या मोटारीची लाईट यायला अजून अवकाश आहे. तोवर ते मोबाईल खिशात घाला आणि शेकोटीजवळ सरका. आणि बिबट्याचं कौतुक मला सांगू नका. बिबट्या परवडला, पोट भरलं की निघून तरी जातो. आज सांगतो ते माझ्या वारूळवाडीतल्या शेजाऱ्याच्या बाबतीत घडलेलं आहे. हा माणूस थापा मारणाऱ्यातला नाही. थापा जमल्या असत्या तर आज आमदाराच्या मांडीला मांडी लावून बसला असता.

हा शेजारी म्हणजे सुदर्शन इंजिनिअर, तुम्हाला माहीत असेलच. नारायणगावात त्याचं छोटं ऑफिस आहे. गावकीचं काम निघालं की नकाशा फुकट, देखरेख फुकट, वर स्वतःच्या गाडीत पेट्रोल घालून हेलपाटे. तालीम म्हणा, बुद्धविहाराची भिंत म्हणा, शाळेच्या खोल्या म्हणा, इकडच्या निम्म्या गावांत त्याचा हात लागलेला आहे. कुणाचीही हाक आली की हा ताट सोडून उठायचा. लोक त्याला देवमाणूस म्हणत. त्याची बायको वृषाली म्हणायची, "देव निदान देवळात तरी सापडतो."

या देवमाणसाचा एक मिस्त्री होता, सावळेराम. साहेबाच्या नावाने हार पडायचे तेव्हा हा मंडपामागे घमेली धूत बसलेला असायचा. साहेब सुट्टी घेत नसे, म्हणून सावळेरामलाही सुट्टी नव्हती. त्याचं स्वतःचं घर निमगाव साव्याच्या वस्तीवर होतं, मातीच्या भिंतींचं, एका अंगाला कललेलं. दर उन्हाळ्याला तो म्हणायचा, "सायेब, औंदा माझं तेवढं उरकू." साहेब म्हणायचा, "पुढच्या उन्हाळ्यात नक्की." आणि तेवढ्यात कुठल्या तरी गावची हाक यायची.

एका भाद्रपदात झड लागली आणि ती भिंत रात्रीत झोपलेल्या सावळेरामवर बसली. बायको अंबाबाई चुलीपाशी निजली होती म्हणून वाचली.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. समोरच्या बाभळीवर ओळीने बसलेले, पण एक खाली येईना. भावकीने सगळं कबूल करून पाहिलं. अंबाबाईला सांभाळू म्हणाले, वर्षश्राद्ध करू म्हणाले. कावळे जागचे हलले नाहीत. उन्हं चढली तसा सुदर्शन पुढे झाला, हात जोडले आणि मोठ्याने म्हणाला, "सावळेराम, इथून पुढे माझ्या हातून पहिलं घर उभं राहील ते तुझं. तोवर दुसऱ्या कामाला हात लावणार नाही." तोंडातला शब्द संपतो न संपतो तोच कावळा उतरला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला.

सुदर्शनने सळई आणून वस्तीवर टाकलीसुद्धा. मग गाववाले आले. अंगणवाडीची पोरं उघड्यावर बसतात, थंडी पडायला लागली, सळई पडूनच आहे, अंबाबाई बहिणीकडे सुखात आहे. साहेब, आधी एवढं करा. आणि याचा स्वभाव तुम्हाला सांगितलाच! पिंडापुढे दिलेला शब्द मोडताना त्याला मोडल्यासारखं वाटलंच नाही. पोरांचंच काम आहे, सावळेराम काय नाही म्हणणार आहे का? मेलेल्या माणसाच्या वतीनेसुद्धा हाच होकार देऊन मोकळा झाला. मला याचा राग आजही येतो.

आता ती रात्र. मागच्याच्या मागच्या वर्षी, मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणवाडीच्या पायावरचं काँक्रीट होतं, अख्खी वस्ती श्रमदानाला येणार होती. संध्याकाळी नवा मिस्त्री समाधान याचा फोन आला. "सायेब, खांबांवरच्या खुणा बोटभर खाली-वर व्हत्यात. आन् उसात बिबट्या दिसलाय, मी चाललो घरी." सुदर्शन म्हणाला, मी बघतो. वृषालीचा गुरुवारचा उपास होता, नैवेद्य तयार होता. "जेवायच्या वेळेला येतो," असं सांगून त्याने मोटारसायकल काढली. अंधार पडलेला होता, पण रात्र काही फार झालेली नव्हती.

तिथे पोचला तर चिटपाखरू नाही. तीन बाजूंनी ऊस, मध्ये ते नुसते खांब. त्याने लेव्हलची नळी काढली. गवंडीकाम पाहिलंय ना तुम्ही? पारदर्शक लांब नळी असते, आत पाणी भरलेलं. एक टोक या खांबाला एकाने धरायचं, दुसरं त्या खांबाला दुसऱ्याने. चालताना टोकावर अंगठा दाबायचा, जागेवर आलं की सोडायचा. दोन्हीकडे पाणी एका उंचीला येऊन थांबतं. तिथे खूण करायची. एकट्याने करायचं तर पलीकडचं टोक तारेने बांधावं लागतं आणि सारख्या चकरा माराव्या लागतात. सुदर्शन तार शोधत होता. तेवढ्यात पलीकडच्या खांबाकडून आवाज आला.

"धरू का?"

वस्तीवरचं कुणी तरी मदतीला आलं असणार. याच्या कामाला माणसं येतच. "या राव, बरं झालं," म्हणत त्याने टोक पुढे केलं. कुणीतरी ते घेतलं. बॅटरी याने काखेत धरली होती, उजेड सगळा नळीवर.

आणि एक ध्यानात घ्या. लेव्हल धरणारा माणूस समोरच्याचं तोंड बघत नाही. तो पाणी बघतो.

काम असं झालं की बस. एक खांब झाला, दुसरा झाला. याने "सोडा" म्हणायच्या आत तिकडचा अंगठा सुटलेला असायचा. पाणी एकदा हललं की जागेवर थांबायचं. किती दिवसांनी असा हात मिळाला, असं त्याला वाटलं. शेवटच्या खांबाला तो खूण करायला गेला, तसं पलीकडून कुणी हळूच म्हणालं,

"पाणी थांबू द्या, सायेब. घाई कशाला?"

सुदर्शनच्या हातातली पेन्सिल पडली.

हे वाक्य त्याने हजारदा ऐकलं होतं. उन्हात, पावसात, प्रत्येक पायावर. याच आवाजात.

त्याला मान वर करवेना. तो पाण्याकडेच बघत राहिला. पाणी थांबलेलं होतं. मग… खाली जायला लागलं.

हळूहळू. छातीवरून पोटाशी. पोटावरून गुडघ्याशी.

म्हणजे पलीकडचं टोक कुणीतरी खाली नेत होतं. पाणी त्याच्या पावलापर्यंत उतरलं. तिकडचं टोक आता जमिनीला टेकलं असणार. त्याच्या खाली जायला जागाच नव्हती. खड्डे सगळे बुजवून, वरून धुमसाने माती ठोकून झालेली.

पाणी आणखी खाली गेलं… आणि दिसेनासं झालं.

नळी ताठ झाली. पलीकडून ओढ लागली.

"सावळेराम…"

उसाचं पान हलत नव्हतं.

"सावळेराम, चुकलं माझं. पोरांसाठी केलं रे. तुझं घर… उद्याच घेतो. उद्याच."

ओढ थांबली.

मग नळीत पाणी परत यायला लागलं. वर. गुडघ्याशी. छातीशी. थांबेचना. काठावर आलं आणि सांडलं. याने हात वर केला, डोक्याच्या वर. तरी सांडत राहिलं. मनगटावरून, कोपरावरून, सदऱ्यात. गार पाणी. लाल. भिंतीच्या मातीचं.

म्हणजे पलीकडचं टोक आता याच्याही वर होतं. फार वर.

तो बघणार तेवढ्यात आवाज आला. समोरून नव्हे. पाठीमागून, कानाजवळ.

"उद्या म्हणू नका, सायेब… लई उद्या ऐकलं."

सुदर्शन पळाला. चप्पल तिथेच, बॅटरी तिथेच. मोटारसायकल कशी सुरू केली, कुठल्या रस्त्याने आला, त्याला आजही आठवत नाही. मी ओट्यावर होतो. हा फाटकातून आत आला तो चिखलाने भरलेला, दात वाजत होते. वृषाली दारात येऊन ओरडली, "अहो, काय झालं? बिबट्या का?" त्याने मान हलवली. नुसतीच हलवली.

सकाळी त्याने अंगणवाडीचं काँक्रीट थांबवलं. लोक खवळले. ज्यांनी हार घातले होते तेच अंगावर धावून आले. पोरांच्या तोंडचा घास काढला, डोकं फिरलंय याचं, काय काय बोलले. हा सरळ अंबाबाईकडे गेला आणि पाया पडला. म्हणाला, आजपासून तुमचं घर बांधायला घेतो. ती म्हातारी दळण निवडत होती. तिने हातसुद्धा थांबवला नाही.

"बांधा," ती म्हणाली. "मला काय, आसरा झाला तर पायजेलच हाय. पर शबूद तुमी मला न्हवता दिला. ज्याला दिला व्हता त्यो ऐकंल का न्हाई, मी कसं सांगू?"

घर बांधलं. चांगलं पक्कं बांधलं. अंबाबाई आज त्यात राहते. नंतर अंगणवाडीही झाली, पोरं आत बसतात. वर्षश्राद्धाला कावळाही लगेच शिवला. आपल्याला वाटलं, झालं गेलं मिटलं.

पण त्या गुरुवारी रात्री वृषालीने सुदर्शनला आत घेतलं, तेव्हा तिला घरात एक रेघ दिसली होती. लाल मातीची, बोटाएवढी जाड, भिंतीला घोट्याच्या उंचीवर. पूर येऊन ओसरल्यावर राहते ना, तशी. फरशी मात्र कोरडी. स्वयंपाकघरात रेघ, देवघरात रेघ, कपाट सरकवलं तर त्याच्या मागेही रेघ. सुदर्शनने नंतर ती तपासली. सगळ्या घरात एका लेव्हलला, केसाचा फरक नाही. धुतली, घासली, वर दोन हात रंग मारला. महिनाभरात परत आली. पण तिथेच नाही आली.

गेल्या दिवाळीला ती गुडघ्याला लागत होती. सुदर्शनने आता अंथरूण माडीवर नेलंय. हाक मारली तर लवकर ओ देत नाही.

परवा मी चहाला गेलो होतो. रेघ माझ्या छातीशी होती. मी बोट लावून पाहिलं.

ओली होती.