चौदा खाटांचं मतदान केंद्र

गोदापूर राजधानी होऊन नऊ वर्षं झाली, तरी शहराला स्वतःचा एक नगरसेवक नव्हता. समुद्राने जुन्या राजधानीतलं सचिवालय दोनदा भिजवल्यावर सरकार घाईघाईने या पठारावर येऊन बसलं. आणि सरकार आलं की इमारती आधी येतात, निवडणुका मागाहून. इतकी वर्षं प्रशासकाने कारभार हाकला. नळाला पाणी आलं नाही तर भांडायला हक्काचा माणूस नाही, ही गोदापूरकरांची जुनी तक्रार. त्यामुळे पहिल्या महापालिका निवडणुकीची मतमोजणी होती त्या दिवशी सकाळी सातपासूनच क्रीडासंकुलाबाहेर माणसं गुलाल घेऊन उभी होती.

आत सहा नंबरच्या टेबलावर निर्मलाबाई लोमटे पर्यवेक्षक म्हणून बसल्या होत्या. अठ्ठावीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवलेल्या बाईंची बेरीज चुकत नसे, म्हणून दर निवडणुकीला त्यांचं नाव पहिलं. आज मात्र त्यांचं अर्धं लक्ष पर्समध्ये होतं. पर्समध्ये रुग्णालयाचा कागद होता. त्यांचे यजमान त्र्यंबकराव सहा वर्षांपूर्वी याच शहराच्या पाण्याच्या टाकीचं काम करताना वरून पडले, आणि तेव्हापासून डोळे उघडे ठेवून नुसते पडून होते. अन्न नळीने जाई. ती नळी काढायला त्या कागदावर संमती द्यायची होती. दोन्ही मुलांनी सह्या केल्या होत्या, बाईंची राहिली होती. मुदत संध्याकाळी पाचपर्यंत.

"बाई, एकशे बारा नंबरचं केंद्र घ्यायचं का?" शेजारी बसलेले तलाठी शेळके म्हणाले. ते निवृत्तीला टेकलेले होते आणि त्यांना कशाचंच नवल वाटत नसे. "टोपीवालं हाय. दोन मिनटांत उरकंल."

एकशे बारा म्हणजे रुग्णालयाचा तिसरा मजला. चौदा भरलेल्या खाटा, चौदा मतदार, आणि चौदाही जण त्र्यंबकरावांसारखे. ज्याचा मेंदू जिवंत आहे त्याचा मताचा हक्कही जिवंत आहे, असं न्यायालयाने सांगितलं, म्हणून यंदा मनोमत यंत्र आलं होतं. लोक त्याला टोपीच म्हणत. ती डोक्यावर ठेवून कानात उमेदवारांची नावं आणि शेवटी 'नोटा', म्हणजे यांपैकी कुणीही नको, असं एकेक करून ऐकवायचं. एखाद्या नावाला मनातल्या मनात 'हे' म्हटलं, की मेंदूत उठणारी बारीक लहर टोपी टिपते. मग क्रम बदलून तीच नावं पुन्हा, अशी सात वेळा. सातही वेळा लहर एकाच नावावर उठली तर ते मत, नाहीतर कोरं. योगायोगाने असं होणं जवळपास अशक्य. कोणत्या खाटेवरून काय आलं, हे टोपी लक्षात ठेवत नाही. मतदान गुप्त ते गुप्तच.

यादीत खरं तर पंधरा नावं होती. पंधरावं, सुषमा आवाड, वय एकतीस, लाल शाईने खोडलं होतं. तिच्या वडिलांनी नळी काढायच्या तसल्याच कागदावर मतदानाच्या बारा दिवस आधी सही केली होती.

"चौदा कोरी," शेळक्यांनी पेन टेकवलंसुद्धा. "उगं सरकारी हौस, दुसरं काय?"

"यंत्र काय म्हणतंय ते बघा आधी." उत्तर पाठ असलं तरी गणित मांडायचंच, ही बाईंची वर्गातली सवय.

शेळक्यांनी कळ दाबली. पडद्यावर आकडे उमटले. पहिला उमेदवार, चार. दुसरा, दोन. तिसरा, शून्य. नोटा, पाच. कोरी, तीन.

शेळक्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. जाळीपलीकडे उमेदवारांचे प्रतिनिधी माना उंचावून पडद्याकडे पाहू लागले. चार आणि दोन सहा, सहा आणि पाच अकरा. निर्मलाबाईंनी ही बेरीज बोटांवर केली, लहान मुलीसारखी.

निवडणूक निर्णय अधिकारी काद्री साहेब धावत आले. तीनदा पडताळणी झाली आणि तिन्ही वेळा तेच आकडे आले.

"अकरा जण जागे आहेत," काद्री साहेब हळू आवाजात म्हणाले. "आणि त्यातल्या पाच जणांना एकही उमेदवार पसंत नाही."

"म्हंजे माणसंच हायेत की वो!" शेळके हसले, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांना धार लागली.

"पण साहेब, डॉक्टरांनी अशीच टोपी घालून ह्यांना तीनदा तपासलं होतं," बाई म्हणाल्या. "काही म्हणजे काही आलं नाही."

"काय विचारलं होतं?"

"तुमचं नाव त्र्यंबक आहे का? आज मंगळवार आहे का?"

बोलता बोलता बाई थांबल्या. असल्या प्रश्नाला त्र्यंबकरावांनी धडधाकट असतानाही कधी उत्तर दिलं नव्हतं. पाहणीला आलेला साहेब टाकीखाली उभा राहून "हीच का टाकी?" म्हणाला, की हे पाठ फिरवून चालू लागत. ज्याला उत्तर ठाऊक आहे त्याने विचारू नये आणि विचारलं तर आपण सांगू नये, असा त्यांचा बाणा. त्यावरून घरात कितीदा भांडी आपटली होती! सहा वर्षांत त्यांना जे जे विचारलं ते सगळं तसलंच होतं. परवा मतदानाच्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी त्यांचं मत विचारलं होतं.

त्या अकरा मतांनी निकालात काडीचा फरक पडला नाही. पहिला उमेदवार चौदाशे मतांनी निवडून आला. गुलाल उधळला गेला, ढोल वाजले. पण मिरवणूक रुग्णालयाच्या रस्त्याला लागली तेव्हा कुणीही न सांगता ढोल थांबले. तिसऱ्या मजल्यावर ऐकणारी माणसं आहेत, हे एव्हाना सगळ्या शहराला कळलं होतं. हजारभर माणसं चपलांचा आवाज न करता त्या खिडक्यांखालून पुढे गेली.

बाई साडेचारला वर पोचल्या. प्रत्येक खाटेभोवती गर्दी होती. आमच्याच माणसाने मत दिलं, याची सगळ्यांना खात्री होती. आपल्या माणसाचं मत त्या तीन कोऱ्यांत असेल, असं कुणीही म्हणत नव्हतं. पंधराव्या, रिकाम्या खाटेवर सुषमाचे वडील घडी घातलेली चादर मांडीवर घेऊन बसले होते.

"बाई, मतं तुम्हीच मोजली ना?" त्यांनी विचारलं. "पंधरा जण असते, तर अकराची बारा झाली असती का वो?"

बेरीज न चुकणाऱ्या बाईंनी नुसता म्हाताऱ्याचा हात धरला.

मग त्या त्र्यंबकरावांच्या उशाशी बसल्या. निवडणूक यंत्रणेची टोपी सीलबंद होऊन गेली होती, पण रुग्णालयाची स्वतःची होती. सिस्टरनी ती त्यांच्या डोक्यावर नीट बसवली. "विचारा. 'हो' आणि 'नाही' मी सात वेळा ऐकवते."

मत दिलंत का, हे बाईंना विचारायचं नव्हतं. ते गुप्त होतं. ओळखलंत का, हे विचारण्यात अर्थ नव्हता. ते तोंड फिरवतील. सहा वर्षं ज्याचं उत्तर बाईंना स्वतःला खरोखर ठाऊक नव्हतं असा एकच प्रश्न होता, आणि तो ज्याचा त्यालाच विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं. घड्याळात पाचला दहा मिनिटं कमी होती. त्यांनी पर्समधला कागद काढला.

"अहो," त्या त्यांच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "हा तुमची नळी काढायचा कागद आहे. पोरांनी सह्या केल्यात. मला खरंच कळत नाही हो. तुम्हीच सांगा, मी सही करू?"