गराशाच्या पाठीवर

उमरखेडहून ढाणकीकडे निघालं, की गाव संपता संपता डाव्या हाताला कडुलिंबाखाली पत्र्याचं एक शेड लागतं. समोर पंक्चर तपासायचं सिमेंटचं टाकं, जुन्या टायरांची उतरंड आणि बारा महिने तिथंच मुक्कामाला असलेलं एक पिवळं कुत्रं. हे कुत्रं माणसांना काही म्हणत नाही. गाडी आली, की मात्र भुंकून भुंकून तिच्या चारही चाकांची उलटतपासणी घेतं. शेड भीमराज मिस्त्रीचं.

गेल्या उन्हाळ्यात जॅक घसरला आणि एका जीपचा गिअरबॉक्स भीमराजच्या उजव्या मनगटावर बसला. नांदेडला ऑपरेशन झालं. हात वाचला, बोटं हलू लागली, पाना धरता येऊ लागला; पण त्या हाताचं कळणं गेलं ते गेलंच. डॉक्टर म्हणाले, शिरा आहेत, आल्या तर येतील. डॉक्टरांचं काय जातं म्हणायला! इथं मिस्त्रीचे खरे डोळे बोटांच्या टोकाला असतात. इंजिनच्या मागं, जिथं नजर पोचत नाही, तिथं बोल्ट आट्यांत नीट बसतोय की वाकडा चाललाय हे बोटच सांगतं. भीमराजनं एका मास्तरांच्या गाडीतला बोल्ट वाकडा फिरवून त्याचे आटे खाल्ले, आणि ढाणकी रोडवर बातमी फिरायला तेवढं पुरलं. गिऱ्हाईक पांगलं.

घरात तर त्याहून वाईट. चहाचा गरम गरम ग्लास उजव्या हातात धरून तो बोलत बसला होता, आणि तळव्याला फोड आल्यावरच त्याच्या बायकोला, कांताबाईला कळलं. त्याला तेव्हाही कळलं नव्हतं. तेव्हापासून ती चहा त्याच्या डाव्या हातात देई आणि तोंड फिरवून उभी राही. देवराव मोबाइलवाल्यानं शेड भाड्यानं मागितलं होतं. त्याला आज संध्याकाळी जबाब द्यायचा होता.

"होच म्हणा," कांताबाई सकाळी टाकं भरता भरता म्हणाली. "निदान दुसरा हात तरी शाबूत राहीन."

टाकं काठोकाठ भरलं, रिकामी बादली तिथंच ठेवून ती घरी गेली, आणि तेवढ्यात एक छोटी पांढरी कार थरथरत शेडपुढं येऊन उभी राहिली.

गाडी चालवत होती अंजू, पलीकडच्या तांड्यावरची. ढाणकीच्या दवाखान्यात ती नर्स होती आणि रोज याच गाडीनं जा-ये करायची. शेजारी तिचे आजोबा धावजी, डोक्याला लाल पागोटं.

"जय सेवालाल, मिस्त्री."

"जयभीम, बापू. या, बसा."

"काका, उभी असली का सारी थरथरते," अंजू म्हणाली. "स्टेरिंग धरलं का दातावर दात वाजतात. चालू करतानी धाडकन आवाज, बंद करतानी पुन्हा तसाच. प्लग बदलून पाह्यले, काई फरक नाई."

"फाउंडेशन गेलं असंन," भीमराज म्हणाला.

इंजिन काही गाडीच्या अंगाला थेट जखडलेलं नसतं. लोखंड आणि रबर यांच्या बैठकांवर ते टेकलेलं असतं, त्यांना मिस्त्री लोक फाउंडेशन म्हणतात. त्यातलं रबर फाटलं, की इंजिनचा सगळा थयथयाट गाडीत उतरतो. दुखणं साधं, औषध साधं. जमलं तर हात अजून कामाचा होता. नाही जमलं, तर देवरावाला हो म्हणायचं, असं भीमराजनं मनाशी ठरवून टाकलं.

मग त्याच्या लक्षात आलं, की कुत्रं भुंकलंच नाही. ते उठलं होतं आणि गाडीसमोर हनुवटी जमिनीला लावून निजलं होतं.

त्यानं बॉनेट उघडलं. "अंजू, ब्रेक दाबून धर. पहिल्यात टाक आन क्लच जरासाक सोड." इंजिन एका बाजूनं वर उचललं गेलं. रिव्हर्समध्ये टाकताच तेच धपकन मागं झुकलं. एवढं हलणं बरं नव्हे. डाव्या हाताला पत्र्याची थरथर नेहमीसारखीच लागत होती. मग जित्याची खोड म्हणून त्यानं उजवा हातही इंजिनवर ठेवला.

त्या हाताला काहीतरी कळलं.

थरथर नव्हे. काहीतरी संथपणे फुगत होतं आणि खाली बसत होतं, पुन्हा फुगत होतं. मोठ्या जनावराच्या बरगड्यांवर हात ठेवावा तसं.

"बंद कर," तो म्हणाला. इंजिन धाडकन बंद पडलं. डाव्या हाताखालचा पत्रा मुका झाला. उजव्या हाताखाली मात्र ते चालूच होतं. वर, खाली. आणि त्यात दम होता, चढावर धापा टाकणाऱ्याचा.

भीमराजनं हात काढून घेतला. त्याच्या घरात अंगारे-धुपारे कधी आले नाहीत, बापानं येऊ दिले नाहीत आणि त्यानंही नाही. शिरा जुळून राहिल्या असतील, त्यानं स्वतःला सांगितलं. मेंदूचे खेळ.

रस्त्यानं कापसाची एक बैलगाडी चालली होती. शेडसमोर येताच बैल थांबले. गाडीवान ओरडला, शेपट्या पिरगाळल्या, पण बैल हलेनात. दोघांनीही माना कारकडे वळवल्या होत्या. मग एकानं खालच्या आवाजात हंबरून घेतलं आणि दोघं आपसूक चालू लागले.

"काहून थांबले गा?" गाडीवानानंच विचारलं. धावजी पागोटं सारखं करत राहिले.

गावातल्या दुकानातून मागवलेली नवी फाउंडेशनं येईपर्यंत भीमराजनं गाडी उचलून लोखंडी घोड्यांवर टेकवली. इंजिनखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅकचा आधार दिला, आणि ड्रायव्हरच्या बाजूचं जुनं फाउंडेशन सोडवून बाहेर काढलं. रबर फाटून लोंबत होतं. पण फटीत आणखी काहीतरी कोंबलं होतं. कोणी सायकलच्या ट्यूबचा तुकडा कोंबतं, कोणी टायरचा. असले जुगाड त्यानं खूप पाहिले होते. हे चामडं होतं. घडी घातलेला जुना पट्टा, कडेला दोन-चार कवड्या शिवलेल्या, आतल्या अंगाला पांढरे राठ केस चिकटलेले. इंजिन केव्हाच निवलं होतं. पट्टा गरम होता. उजव्या हाताला गरम लागला.

"दादा, हे काय व्हय?" अंजूनं आजोबांना विचारलं.

धावजींनी वाकून पट्टा नीट पाहिला. मग म्हणाले, "गराशाचा गळपट्टा."

"कोण गराशा?" भीमराजनं विचारलं.

"आमच्या आज्याच्या वक्ती लदेणी होती, मिस्त्री. मीठ, गहू बैलाच्या पाठीवर घालून तांडा मुलूखभर फिरे. साऱ्यात पुढं गराशा. शिंगाले लाल कपडा, गळ्यात हा पट्टा. देवाचा बैल. त्याच्या पाठीवर कधी कोनं दाणा ठेवला नाई. तो बसला का तांडा तिथंच उतरे, तो उठला तरच निघे. दुखणाईत माणसाले त्याच्या पायाशी निजवत, आन माणूस उठून बसे. मी हा पट्टा गाडीत ठेवत होतो, राखण म्हणून. पांढरकवड्याच्या हायवेवर इंजिन हलाले लागलं, जवळ दुसरं काई नव्हतं. मीच कोंबला. गाडी सुखरूप घरी आली. मंग काढाचं मन नाई झालं. पुन्हा तिथंच ठेव बाप्पा, तोच गाडीचं रक्षण करून राह्यला."

पट्टा भीमराजच्या उजव्या तळव्यात होता. कवडीची गुळगुळीत पाठ, चामड्याची भेग, एकेक केस; किती महिन्यांनी हे सगळं कळत होतं! ठेवावा तिथंच, असं त्याच्या मनात आलं, खोटं कशाला सांगा. गाडी वारंवार दुरुस्तीला येईल, हात वारंवार जिवंत होईल. मग त्याला अंजू दिसली. फाटक्या फाउंडेशनवर ही पोर रोज एकटी ढाणकीला जात होती. आणि त्याला ती धाप आठवली.

"बापू," तो म्हणाला, "ज्याच्या पाठीवर कोनं दाणा ठेवला नाई, त्याच्या पाठीवर तुमी अख्खं इंजिन ठेवलं."

ज्यांच्या साती पिढ्या ओझं बांधण्यात गेल्या, त्या माणसाला हे सुचलं नव्हतं. धावजींनी दोन्ही हात पुढं केले. पट्टा हातातून जाताच भीमराजचा तळवा पुन्हा लाकूड झाला. त्यांनी पट्टा मांडीवर घेतला आणि त्याच्यावरून हात फिरवत आपल्या बोलीत काहीतरी पुटपुटू लागले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

नवी फाउंडेशनं आली. भीमराजनं पहिलं जागेवर धरलं. मागचा बोल्ट आडोशाला होता. डावा हात तिथं वाकत नव्हता. उजवाच घालावा लागणार होता, इंजिन आणि पत्रा यांच्या मधल्या सांदीत. जीपच्या वेळी घातला होता तसाच. त्यानं हात घातला.

बोल्ट आहे की पडला, तेही कळत नव्हतं.

खाली लाकूड करकरलं.

"काका!" अंजू ओरडली. "जॅक!"

जॅक बसत चालला होता. ठोकळा तिरपा झाला, निसटला आणि फरशीवर घरंगळत गेला.

भीमराजनं डोळे मिटले.

काही झालं नाही.

त्यानं डोळे उघडले. इंजिन जागच्या जागी होतं. खाली जॅक नव्हता, ठोकळा नव्हता. बाकीच्या दोन फाउंडेशनांनी धरलं असेल, असं तो पुढं लोकांना सांगायचा. ती दोन्हीही फाटलेली होती, हे सांगायचा नाही.

शेडमध्ये कडब्याचा वास भरला होता.

मनगटावर गरम वाफ आली. गेली. पुन्हा आली.

मग इंजिन केसभर वर उचललं गेलं, आणि बोल्टचं भोक भोकासमोर आलं.

आणि बोटाला आटा कळला. बारीक, गार, तेलकट आटा. त्याच्यापुढचा दुसरा. बोल्ट सरळ आत जात होता. भीमराजनं तो हातानं शेवटपर्यंत फिरवला. घाई केली नाही, आणि रडू आलं ते पुसलंही नाही.

"अंजू," तो हळूच म्हणाला, "ठोकळा ठेव. जॅक वर घे."

तिनं ठोकळा सरकवून जॅक वर घेतला. ठोकळा इंजिनला टेकला, आणि तेव्हाच इंजिनचं वजन त्याच्यावर आलं. लाकूड दबल्याचा आवाज तिघांनीही ऐकला.

बाकीचं काम सरळ झालं. दुपार कलायच्या आत तिन्ही फाउंडेशनं बदलून झाली. गाडी चालू करून भीमराजनं इंजिनवर पाण्याचा ग्लास ठेवला. पाणी जेमतेम शहारलं.

"काका, चालू हाय का बंद?" अंजू स्टेरिंगवर हात ठेवून हसली. सकाळपासून ती पहिल्यांदा हसत होती.

धावजींनी पट्टा पागोट्याच्या टोकात गुंडाळला. "देवाजवळ ठेवतो. आता याच्यावर फूल ठेवतानीही इचार करीन." मग गाठोडं हातावर तोलून ते थबकले. "हलका लागून राह्यला, मिस्त्री. निसतं चामडं असल्यावानी."

त्यांनी एकदा शेडभर नजर फिरवली. जाताना शेडच्या दाराकडे तोंड करून वाकून नमस्कार केला. भीमराजनं तो आपल्यालाच आहे असं समजून परत केला.

गाडी गेली. कुत्रं जिथं होतं तिथंच, हनुवटी जमिनीला लावून. गाडी जाऊनही ते शेडच्या आतच पाहत होतं.

कांताबाई चहा घेऊन आली. तिनं नेहमीसारखा डाव्या हातापुढं ग्लास धरला. भीमराजनं तो उजव्या हातानं घेतला.

"अगागा!" तो ओरडला आणि ग्लास खाली पडून फुटला. "भाजला व! कांता, भाजला हात!"

ती आधी घाबरली. मग तिला समजलं. तिनं त्याची बोटं एकेक करून दाबून पाहिली, आणि प्रत्येक बोटाला तो लहान पोरासारखा "लागलं" म्हणत गेला. शेवटी ती तिथंच फुटक्या काचांशेजारी बसली आणि पदरात तोंड घालून रडली, हसली, पुन्हा रडली.

"देवरावाले काय सांगता मंग?"

"दुसरी जागा पाह्य म्हणाव."

काचा गोळा करून ती घरी निघाली. भाजलेला हात गार करायला भीमराज टाक्याजवळ गेला. सकाळी काठोकाठ भरलेलं टाकं तळाला गेलं होतं. दिवसभरात एकही पंक्चर आलं नव्हतं. टाक्याला चीर नव्हती, भोवतालची माती कोरडी होती. काठावर दोन-तीन राठ पांढरे केस ओले होऊन चिकटले होते.

भीमराजनं ते केस बोटानं चाचपले. मग सकाळची ती बादली घेतली आणि टाकं पुन्हा भरलं. किती लांबून ओझं वाहत आला असेल, असं त्याच्या मनात येऊन गेलं. त्यानं उजवा हात पाण्यावर धरला.

तो पाहत असतानाच पाणी बोटभर खाली गेलं. मग त्याच्या तळव्यावरून काहीतरी गरम, ओलं, खरखरीत सावकाश फिरलं, मनगटावरच्या ऑपरेशनच्या व्रणापर्यंत.

भीमराजनं हात मागं घेतला नाही.